एकतिसावं पान

नाशिकला आलेला माणूस आधी रामकुंडावर जातो, मग काळारामाला, मग सीतागुंफेत वाकून शिरतो आणि कंबर धरून बाहेर येतो. एवढं झालं की नाशिक पाहिलं असं चारचौघांत सांगायला हरकत नसते. ललिताबाईंचीही याहून जास्त अपेक्षा नव्हती. पण त्यांचं लग्न ढुंढिराजांशी झालेलं होतं, आणि ढुंढिराज कुठल्याही गावी उतरले की आधी तिथलं ग्रंथालय विचारत.

"वाचनालय?" पंचवटीतल्या लॉजबाहेरचा रिक्षावाला किशोर काल सकाळी म्हणाला होता. "काका, पेपर वाचायचा तर माझ्याकडं हाय ना. तपोवन, मुक्तिधाम, सगळं फिरवतो. लोक लय लांबून तेच बघायला येतात."

"पेपर नको. ग्रंथालय हवंय. जितकं जुनं तितकं बरं."

किशोरने ललिताबाईंकडे पाहिलं. ललिताबाई मुकाट्याने रिक्षात चढून बसल्या. अशा वेळी नवऱ्याची बाजू घ्यायची की रिक्षावाल्याची, हा विचार त्यांनी फार वर्षांपूर्वी सोडून दिला होता.

काल दिवसभरात तीन ग्रंथालयं झाली. तिन्ही ठिकाणी जिना. तळमजला दुकानांना भाड्याने द्यायचा आणि पुस्तकं वर न्यायची ही पद्धत कुणी काढली कोण जाणे, त्या माणसाचे गुडघे नक्कीच धड असणार. शिवाय सिंहस्थाच्या तयारीसाठी निम्मं शहर उकरून ठेवलेलं. रिक्षा खड्ड्यातून उसळली की ललिताबाईंच्या गुडघ्यातून कळ थेट मस्तकात जायची. ढुंढिराजांना त्याचं काही नव्हतं. मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत जाडजूड दाखल नोंदवही, आणि चेहऱ्यावर मुलगी दाखवायला निघालेल्या बापाचा भाव.

आता ही नोंदवही कसली, ते सांगायला हवं. वाचनालयात आलेलं प्रत्येक पुस्तक तिच्यात क्रमांकाने मांडलेलं होतं. ढुंढिराज बुलढाण्याकडच्या एका तालुक्याच्या गावी वाचनालयाचे ग्रंथपाल होते. निवृत्त झाल्यावरही तेच होते, कारण त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. पुढे सभासद आटले, कार्यकारी मंडळातली म्हातारी माणसं एकेक करून गेली, आणि एक दिवस जागेच्या मालकाच्या नातवाने हात जोडले. काका, इमारत पडायला आली आहे, उतरवावीच लागेल. त्यात त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. पुस्तकांची सोय लागेपर्यंत ती ढुंढिराजांनी घरी आणली. तात्पुरती. या तात्पुरत्या मुक्कामाला आता चौथं वर्ष लागलं होतं.

पुस्तकं तृप्तीच्या खोलीत होती. मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, खोली रिकामीच, म्हणून तिथे जमिनीपासून छतापर्यंत थप्प्या लागल्या. उरलेली पलंगाखाली गेली, पलंगावर गेली. प्रत्येकाला खाकी कव्हर, पाठीवर क्रमांक, मधूनमधून डांबरगोळ्या. त्या घरात भाजीच्या फोडणीलासुद्धा डांबरगोळीचा वास यायचा. राखीपौर्णिमेला तृप्ती आली तेव्हा खोकून खोकून बेजार झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनेच परत गेली. तिला लहानपणापासून दम्याचा त्रास आणि आता सातवा महिना.

पहिलं बाळंतपण माहेरी. ललिताबाईंनी दुपटी शिवून ठेवली होती, डिंक आणून ठेवला होता, मालिशवाल्या सुमनबाईंना सांगून ठेवलं होतं. फक्त खोली नव्हती. तृप्तीच्या सासूबाई भल्या. इथेच राहा म्हणत होत्या, आणि त्या खरोखर मनापासून म्हणत होत्या याचंच ललिताबाईंना दुःख होतं. वाईट सासू असती तर लेक भांडून तरी आली असती.

ढुंढिराजांनाही हे सगळं कळत होतं. नाशिकचं त्यांनीच काढलं. "तिथे दोन-दोन पिढ्या वाचणारी माणसं आहेत," ते म्हणाले. "कुणी ना कुणी संग्रह घेईलच. तुझंही देवदर्शन होईल." शेजाऱ्यांना सांगितलं, फिरायला जातो.

आणि घ्यायला लोक तयार होते, हीच तर रडकथा होती. काल पहिल्या ठिकाणी ग्रंथपाल म्हणाले, जुनी मासिकं आणि चरित्रं ठेवून घेतो. दुसरीकडे, एका महाविद्यालयात, कोश आणि संदर्भग्रंथ हवे होते. नाशिकरोडला बाईंनी चहा पाजला आणि कादंबऱ्यांची दोन कपाटं भरून घेते म्हणाल्या. तिन्ही वेळा ललिताबाईंना वाटलं, चला, सुटलो. आणि तिन्ही वेळा ढुंढिराजांनी नोंदवही मिटली, हात जोडले आणि उठले.

"संग्रह फोडायचा नाही," ते जिना उतरताना म्हणायचे. "एकपासून शेवटच्या क्रमांकापर्यंत सलग आहे. वाटेल तसं तोडून द्यायला ती काय मेथीची जुडी आहे?"

सलग आहे हे तितकंसं खरं नव्हतं. मधला एक क्रमांक नव्हता. ते पुस्तक लग्नाच्या पहिल्याच वर्षी हरवलं होतं. मुलांसाठीचं, घरी करता येणाऱ्या जादूच्या खेळांचं पुस्तक. नेणारा माणूस वीज मंडळात होता, त्याची बदली झाली आणि तो पुस्तकासकट गेला. ढुंढिराज सायकलवरून त्याच्या घरी गेले तर दाराला कुलूप. त्या दिवशी ते जेवले नाहीत. नव्या नवरीला वाटलं, आमटी बिघडली. रात्री कळलं की नोंदवहीत लाल शाईने 'गहाळ' लिहावं लागलं म्हणून नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नाही. आपण कुठल्या घरात आलो आहोत हे ललिताबाईंना तेव्हाच पुरतं कळलं.

त्याच सुमारास त्यांना एकतिसाव्या पानाचंही कळलं होतं. पुस्तक चोरणारा शिक्का असलेलं पहिलं पान फाडतो. म्हणून ग्रंथालयं आत एक पान ठरवून ठेवतात आणि प्रत्येक पुस्तकाच्या त्याच पानावर आणखी एक शिक्का मारतात. बाहेरच्यांना तो ठाऊक नसतो. ढुंढिराजांच्या वाचनालयाचं पान एकतिसावं. बाकीचे नवरे बायकोला काय काय सांगतात, यांनी हे सांगितलं. तेव्हापासून कुठलंही पुस्तक हातात आलं की ललिताबाईंचा अंगठा आपोआप एकतिसाव्या पानाशी जायचा. दुसऱ्याच्या घरी, दवाखान्यात, अगदी पंचांग उघडतानासुद्धा.

आज सकाळी त्या हट्टाने रामकुंडावर गेल्या. पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले आणि त्यांना वाटलं, आता इथून कुणी उठवू नये. ढुंढिराज तिथेही गप्प बसले नाहीत. एका उपाध्यायांनी गाव-आडनाव विचारून पूर्वजांच्या नोंदी काढून दाखवतो म्हटलं, तर हे त्यांच्यामागून घरी जाऊन वह्याच पाहून आले. आजोबांची सही सापडली होती म्हणे, पण त्याचं त्यांना विशेष नव्हतं.

"लाल फडक्यात बांधलेल्या वह्या, दीडशे वर्षांच्या," ते येऊन म्हणाले. "मी विचारलं, कसर लागू नये म्हणून काय घालता? तर म्हणतात, वेखंड असतं थोडं, पण येणंजाणं असतं ना लोकांचं, सारखी उघडझाप होते, मग नाही लागत."

"आपल्याकडच्या पुस्तकांना लागलीय का?" ललिताबाईंनी विचारलं.

ढुंढिराज पिशवीतली नोंदवही नीट लावू लागले.

तेवढ्यात तृप्तीचा फोन आला. "आई, इथल्या दवाखान्यात नाव घालायचंय. सासूबाई विचारतायत. आज संध्याकाळपर्यंत सांगशील?"

"सांगते."

"झालं का काही?"

"बघतोय." ललिताबाईंना खोटं बोलता येत नसे आणि खरं सांगायचा धीर झाला नाही.

"आई, राहू दे गं," तृप्ती म्हणाली. "बाबांना नको बोलूस. त्यांना जमणार नाही." लेकीने बापाची समजूत काढावी तसं ती बोलली. फोन ठेवल्यावर ललिताबाई बराच वेळ पाण्याकडे पाहत बसल्या. त्यांना रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण रडायलाही अंगात त्राण लागतं.

शेवटचं ठिकाण पंचवटीतच होतं. भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, एका मंगल कार्यालयाच्या वर चालणारं छोटं वाचनालय. किशोरनेच सुचवलं. त्याची पुतणी तिथे जायची. "जुनं नाय काका, पण जवळ हाय," तो म्हणाला, आणि ललिताबाईंना तो माणूस देवासारखा वाटला. जिना मात्र इथेही होता. त्या कठड्याला धरून एकेक पायरी चढल्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत.

वर एकच लांबट खोली. जुनाट पंखा, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं, कपाटांना दारं नाहीत. देवघेवीच्या टेबलामागे साक्षी नावाची तिशीतली मुलगी बसली होती. पुस्तकांच्या पाठीवरचे क्रमांक पुढेमागे लागलेले पाहून ढुंढिराजांच्या कपाळावर आठी पडली. तरी त्यांनी पिशवीतून नोंदवही काढली आणि कालपासून तीनदा म्हटलेलं सगळं चौथ्यांदा म्हणायला सुरुवात केली. ललिताबाईंना ते तोंडपाठ झालं होतं. त्या मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या आणि गुडघा चोळू लागल्या.

"काका, एवढी कुठे ठेवू?" साक्षी नम्रपणे म्हणत होती. "लहान मुलांची दीडशे-दोनशे द्या ना. आनंदाने घेते."

आता नोंदवही मिटेल, ललिताबाईंनी मनात म्हटलं.

बाकावर परत आलेल्या पुस्तकांचा ढीग होता. हाताला चाळा म्हणून त्यांनी वरचं उचललं. पुठ्ठ्याचे कोपरे झिजून गोल झालेले, शिवण दोनदा तरी नव्याने घातलेली, पहिलं पान गायब. अंगठा सवयीने आत गेला. एकतिसावं पान उघडलं.

लांबट गोल शिक्का. मधे दिव्याचं चित्र, भोवती त्यांच्या गावाचं नाव. कुणा पोराने त्या दिव्याला पेन्सिलीने मिशा काढल्या होत्या.

ललिताबाईंनी पुस्तक पटकन मिटलं. वर पाहिलं. ढुंढिराजांची पाठ होती. त्यांनी ते आपल्या पर्सखाली सरकवलं आणि वर हात ठेवला. यांना दिसलं तर काय होईल हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. हे पुस्तक मागून घेतील. चाळीस वर्षांचा तो लाल शेरा पुसला जाईल, संग्रह खरोखरच सलग होईल, आणि मग ब्रह्मदेव आला तरी त्यातलं एक पान घराबाहेर जायचं नाही. तृप्तीची खोली गेलीच म्हणून समजा. पुस्तक ढिगाच्या तळाशी घालायचं, उठायचं आणि जिना उतरायचा. एवढं सोपं होतं.

तळाशी घालण्यासाठी म्हणून त्यांनी ते पुन्हा हातात घेतलं आणि शेवटचं पान उघडलं. तारखांच्या चिठ्ठीवर दुसरी चिठ्ठी डकवलेली, तिच्यावर तिसरी, चौथी. तिथला कागद भाकरीसारखा जाड झाला होता. तारखाच तारखा. शेवटची आजची. आत मेणाचे डाग, शाईचे डाग, कुठे तेलकट बोटं. एका खेळाशेजारी लिहिलेलं, 'हे होत नाही'. त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'होतं, नाणं ओलं कर'.

घरच्या एवढ्या पुस्तकांत इतकं मळलेलं एकही नव्हतं. ललिताबाई गेली चार वर्षं त्यांवरची धूळ झटकत होत्या, त्यांना माहीत होतं. कशावर डाग नाही, कशाचा कोपरा दुमडलेला नाही. त्यांना एकदम नवऱ्याची फार दया आली. इतकी की पाठीमागून जाऊन त्याच्या डोक्यावरून हात फिरवावा असं वाटलं.

ललिताबाई गुडघ्यांवर हात ठेवून उठल्या, टेबलाशी गेल्या आणि पुस्तक एकतिसाव्या पानावर उघडून नोंदवहीवर ठेवलं.

ढुंढिराज बोलत होते ते थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग नोंदवही न उघडता क्रमांक म्हणाले.

साक्षीला आधी काही समजेना. ललिताबाईंनी थोडक्यात सांगितलं तेव्हा तिचा चेहरा पडला. "काका, मला खरंच कल्पना नव्हती. हे एकलहऱ्याच्या कॉलनीतून आलेलं. वीजकेंद्रातले कुणी निवृत्त होऊन गेले, त्यांनी खोकं भरून पुस्तकं दिली होती, मी लागायच्याही आधी. तुमचं आहे, तर घेऊन जा." मग जरा अडखळून म्हणाली, "म्हणजे, त्याला पुढचे नंबर लागलेत. पण सांगेन मी मुलांना."

ढुंढिराज चिठ्ठ्या उलगडत होते. वरची, तिच्याखालची, तिच्याखालची. ललिताबाई त्यांच्या बोटांकडे पाहत होत्या. आता म्हणतील, द्या. आता म्हणतील.

"नंबर लागतात याला?" त्यांनी विचारलं.

"सुट्टीत तर भांडणं होतात, काका. दोनदा शिवून घेतलंय मी."

"तुमचं ठरलेलं पान कुठलं? शिक्क्याचं?"

"आमचं तसं काही नाही." साक्षी ओशाळली. "एखादं नेलंच कुणी, तर वाचेल तरी, म्हणून सोडून देतो."

ढुंढिराज खुर्चीत मागे टेकले. आख्ख्या जन्मात ललिताबाईंनी त्यांना इतकं दमलेलं पाहिलं नव्हतं. दोन दिवसांचा शीण नव्हता तो, चाळीस वर्षांचा होता.

"डोळ्यांत तेल घालून सांभाळलं गं सगळं," ते बायकोला म्हणाले. साक्षी समोर आहे हेही विसरले. "आणि माझ्या हातून निसटलं तेवढंच वाचलं गेलं."

असं काही नाही, तुमच्याकडे किती लोक वाचायला यायचे, असं म्हणायला ललिताबाईंनी तोंड उघडलं. येतही होते, एके काळी. पण या घटकेला ते बोलणं नुसतं समजूत काढल्यासारखं झालं असतं. त्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मग ढुंढिराजांनी जादूच्या खेळांचं पुस्तक मिटलं, दोन्ही हातांनी साक्षीपुढे सरकवलं आणि नोंदवही उघडली. "मुलांची दोनशेहून जास्त निघतील," ते म्हणाले. "बघा, कुठली हवीत त्यांच्यापुढे खूण करा. सगळीच हवी असली तरी चालेल."

साक्षीने पेन्सिल घेतली. ढुंढिराज भिंतीवरची चित्रं पाहत बसले. पेन्सिलीचा आवाज झाला की त्यांच्या गालाची शीर हलायची, पण त्यांनी मान वळवली नाही.

खाली उतरताना त्यांनी ललिताबाईंना हात दिला. अर्ध्या जिन्यात थांबून म्हणाले, "फोन लाव तृप्तीला."

ललिताबाईंनी लावला आणि त्यांच्याकडे दिला.

"तृप्ती, बाबा बोलतोय. तिथे नाव घालू नकोस. खोली मोकळी होते आहे."

"घेतली कुणी? सगळी?" पलीकडून तिचा आवाज ललिताबाईंनाही ऐकू आला.

"सगळी कोण घेतंय? थोडी थोडी देतो. ज्याला जी लागतील ती."

मग तृप्तीने हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही ठीक आहात ना?"

"दमलोय," ढुंढिराज म्हणाले. "तू ये."

किशोर रिक्षात आडवा झाला होता, तो उठून बसला. "झालं ना काका? आता कुठं? काळाराम करायचा का? काकूंचं दर्शन राह्यलं."

ढुंढिराज आत बसले. पिशवी मांडीवर घेतली. कालची तिन्ही ठिकाणं पुन्हा करायची होती. तेच खड्डे, तेच जिने, आणि काल हात जोडून उठून आलेल्या माणसाने आज पुन्हा जाऊन सांगायचं होतं की मासिकं घ्या, कोश घ्या, कादंबऱ्या घ्या. तरी ललिताबाई चढून शेजारी बसल्या.

"त्या 'गहाळ'चं काय करू?" ढुंढिराजांनी विचारलं. "सापडलं असं लिहू?"

"लिहा की."

"सापडलं असं लिहिलं तर परत आणावं लागतं."

ललिताबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. ते गंभीरपणेच विचारत होते. नियमाबाहेर त्यांना काही करता येत नव्हतं आणि नियमात बसवून ते पुस्तक त्यांना तिथेच ठेवायचं होतं.

"मग राहू दे गहाळ," त्या म्हणाल्या. पिशवी त्यांच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतली आणि किशोरला सांगितलं, "दर्शन उद्या. कालच्या पहिल्या वाचनालयाकडे घे बाबा. जरा हळू घे."